मेरी ब्रेकिनरिज : चाळिशीनंतरची विद्यार्थिनी

१९२३ च्या अखेरीस लंडनच्या वुलिच भागातील माता-बालकांच्या रुग्णालयात प्रसूतिसेवेचे प्रशिक्षण घेण्यासाठी दाखल झालेल्या विद्यार्थिनींमध्ये बेचाळीस वर्षांची एक अमेरिकी स्त्री होती. तिचे आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष आणि वडील रशियातील अमेरिकी राजदूत होते. न्यूयॉर्कच्या नामांकित रुग्णालयातून परिचारिकेची पदविका घेऊन तिला तेरा वर्षे झाली होती. महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या फ्रान्समध्ये तिने बालआरोग्याची एक संपूर्ण यंत्रणा उभी केली होती. एवढे सारे हाताशी असताना ती पुन्हा विद्यार्थिनी झाली, कारण तिने मनाशी आखलेल्या कामासाठी लागणारी एक पात्रता तिच्याकडे नव्हती आणि ती पात्रता देणारी मान्यताप्राप्त संस्था तेव्हा तिच्या स्वतःच्या देशात नव्हती.

ही स्त्री म्हणजे मेरी ब्रेकिनरिज. अमेरिकेत आज परिचारिका-प्रसाविका आणि नर्स प्रॅक्टिशनर या नावांनी जी प्रगत परिचर्या ओळखली जाते, तिच्या पायाभरणीत त्यांचा वाटा फार मोठा आहे. मात्र त्या तिथवर सरळ वाटेने पोहोचल्या नाहीत.

मेरी यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८८१ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे झाला. ब्रेकिनरिज हे केंटकीतील जुने, राजकारणात मुरलेले घराणे. आजोबा जॉन सी. ब्रेकिनरिज यांनी उपराष्ट्राध्यक्षपद भूषवले आणि पुढे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने सेनापती म्हणून ते लढले. वडील क्लिफ्टन ब्रेकिनरिज आर्कान्सामधून काँग्रेसवर निवडून गेले आणि १८९४ मध्ये राजदूत म्हणून सेंट पीटर्सबर्गला रवाना झाले. मेरी यांचे बालपण वॉशिंग्टन आणि रशियात, खासगी शिक्षिकांच्या देखरेखीखाली गेले. पुढचे शालेय शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये आणि कनेक्टिकटमध्ये झाले. फ्रेंच त्यांना उत्तम येत असे. महाविद्यालयाचे दार मात्र त्यांच्यासाठी कधीच उघडले नाही. त्यांची चुलत बहीण सोफोनिस्बा ही उच्चशिक्षण घेऊन घराबाहेर स्वतंत्र कारकीर्द करत होती आणि मेरी यांच्या आईला तेच उदाहरण धोक्याचे वाटत होते. चांगल्या घरातील मुलीने विवाह करावा, घर सांभाळावे, फार तर परोपकार करावा, ही त्या समाजाची अपेक्षा होती.

१९०४ मध्ये मेरी यांचा विवाह हेन्री मॉरिसन या तरुण वकिलाशी झाला. दोनच वर्षांत, १९०६ मध्ये, आंत्रपुच्छाच्या विकाराने हेन्री यांचे निधन झाले. पंचविसाव्या वर्षी आलेले वैधव्य, मूलबाळ नाही, पदवी नाही, व्यवसाय नाही. पैशाची विवंचना नव्हती, पण दिवसाला अर्थ उरला नव्हता. १९०७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयाच्या परिचर्या विद्यालयात प्रवेश घेतला. याच काळात, १९०९ मध्ये, पुण्यात रमाबाई रानडे यांचे सेवासदन उभे राहत होते आणि तिथल्या स्त्रिया लवकरच परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात जाणार होत्या. दोन खंडांतल्या या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण विधवेने रुग्णसेवेकडे वळणे हे तेव्हा दोन्हीकडे कुटुंबाला कसेबसे पचणारे धाडस होते, एवढे खरे.

त्या काळच्या परिचर्या विद्यालयात विद्यार्थिनी म्हणजे रुग्णालयाचा कामगारवर्गच. वॉर्डातील दीर्घ पाळ्या, कडक शिस्त आणि उरलेल्या वेळात व्याख्याने. लहानपणापासून नोकरचाकरांत वावरलेल्या मेरी यांनी तीन वर्षे हे निभावले आणि १९१० मध्ये त्या परिचारिका झाल्या. त्यानंतर मात्र आजारी आईची शुश्रूषा करण्यासाठी त्या दक्षिणेत परतल्या आणि मिळवलेला व्यवसाय जवळजवळ तसाच बाजूला पडला. १९१२ मध्ये त्यांनी रिचर्ड थॉम्पसन यांच्याशी दुसरा विवाह केला. आर्कान्सातील युरेका स्प्रिंग्ज येथील मुलींच्या एका महाविद्यालयाचे ते अध्यक्ष होते. मेरी तिथे फ्रेंच आणि आरोग्यशास्त्र शिकवू लागल्या.

जानेवारी १९१४ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याला सारे ब्रेकी म्हणत. मेरी यांनी त्याच्या वाढीच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. आईच्या मायेइतकीच त्यांत प्रशिक्षित परिचारिकेची नजरही होती. १९१६ मध्ये मुलगी झाली, पण ती अपुऱ्या दिवसांची होती आणि काही तासच जगली. जानेवारी १९१८ मध्ये, चौथा वाढदिवस होऊन दोन आठवडेही उलटले नव्हते, तेव्हा ब्रेकी गेला. दुसरा संसारही त्यानंतर टिकला नाही. त्या पतीपासून दूर झाल्या, १९२० मध्ये घटस्फोट झाला आणि त्यांनी माहेरचे नाव पुन्हा धारण केले. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी या दुसऱ्या विवाहाला जवळपास जागाच दिलेली नाही. ब्रेकीवर मात्र त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले.

त्यांच्या बहुतेक चरित्रांत येथून पुढचा भाग दुःखाचे सेवेत रूपांतर झाल्याची कथा म्हणून येतो. ती कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. दुःखाने माणूस कामाकडे वळतो. काम नेमके कोणते, त्यासाठी आपल्याला काय येत नाही आणि ते कुठे शिकता येईल, हे मात्र दुःख सांगत नाही. १९१८ ते १९२५ ही सात वर्षे मेरी यांनी ज्या क्रमाने वापरली, तो क्रम पाहिला तर त्यामागे अतिशय थंड डोक्याने केलेली आखणी दिसते.

प्रथम त्यांनी केंद्र सरकारच्या बालक विभागासाठी दौरे करून बालकल्याणावर भाषणे दिली. १९१८ च्या शरदात इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये त्यांनी परिचारिका म्हणून काम केले. १९१९ मध्ये अ‍ॅन मॉर्गन यांच्या पुढाकाराने चाललेल्या अमेरिकी मदत समितीबरोबर त्या फ्रान्सला गेल्या. एन नदीच्या काठची विक-सुर-एन परिसरातील गावे युद्धात जमीनदोस्त झाली होती. मुले कुपोषित होती आणि दूध मिळत नव्हते. मेरी यांनी मुलांच्या दुधासाठी शेळ्या मिळवल्या, गर्भवती स्त्रियांच्या व बालकांच्या तपासण्या सुरू केल्या, घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था बसवली. बालपणी शिकलेली फ्रेंच इथे कामी आली.

त्या कामातच त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. फ्रान्समधील सुईणी परिचारिका नव्हत्या. अमेरिकेतून आलेल्या परिचारिकांना बाळंतपण करण्याचे शिक्षण नव्हते. इंग्लंडमधून आलेल्या काही स्त्रिया मात्र दोन्ही होत्या, आणि खेड्यातल्या आईला नेमके दोन्ही हवे असते. गर्भारपणापासून मूल शाळेत जाईपर्यंत एकच जाणती स्त्री घरात येत राहिली, तर आजार वेळीच ओळखता येतो आणि कुटुंबाचा विश्वासही बसतो. आपल्या देशात हे का नाही, हा प्रश्न घेऊन मेरी १९२१ मध्ये अमेरिकेत परतल्या.

परतल्या म्हणून लगेच संस्था काढली नाही, हे विशेष. आधी त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात सार्वजनिक आरोग्य परिचर्येचा अभ्यास केला. मग १९२३ च्या उन्हाळ्यात त्या केंटकीच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात गेल्या. लेस्ली, नॉट आणि ओस्ली या तीन काउंट्यांमधून घोड्यावर आणि खेचरावर बसून त्यांनी सुमारे ६५० मैलांचा प्रवास केला, घरोघरी आयांशी बोलल्या आणि पन्नासहून अधिक पारंपरिक सुईणींच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी बहुतेक वयस्क होत्या आणि कुणाकडेही औपचारिक शिक्षण नव्हते. मेरी यांनी त्यांची टवाळी केली नाही, तशी भलामणही केली नाही. कुठे स्वच्छता होती, कुठे नव्हती, कोणत्या प्रसंगी त्यांचे हात टेकतात, हे सारे त्यांनी लिहून काढले. त्या काळी अमेरिकी डॉक्टरांत सुईण ही संस्थाच नामशेष व्हावी असे मानणारा गट प्रबळ होता. डोंगरात डॉक्टर जाणार कोण, याचे उत्तर मात्र त्या गटाकडे नव्हते.

आता उणीव स्पष्ट होती. योजना होती, प्रदेश निवडला होता, माहिती होती. बाळंतपण करण्याचा परवाना नव्हता. तो मिळवण्यासाठी वुलिच. तिथले प्रशिक्षण पूर्ण करून १९२४ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या केंद्रीय प्रसाविका मंडळाचे प्रमाणपत्र मिळवले. तेवढ्यावरही त्या थांबल्या नाहीत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगर आणि बेटांवर १९१३ पासून सरकारी मदतीने चाललेली वैद्यकीय सेवा त्यांनी प्रत्यक्ष फिरून पाहिली. विरळ वस्ती, वाईट रस्ते, गरीब लोक. केंटकीशी साम्य उघड होते. परिचारिका वस्तीजवळ, डॉक्टर व रुग्णालय मध्यवर्ती ठिकाणी आणि दोहोंमध्ये निश्चित दुवा, ही तिथली रचना त्यांनी टिपून घेतली. लंडनला परत येऊन प्रसूतिसेवेचा आणखी एक पुढचा अभ्यासक्रमही त्यांनी केला. व्यवसाय बदलू पाहणाऱ्या माणसाला ही सारी वर्षे वाया गेल्यासारखी वाटू शकतात. मेरी यांच्या बाबतीत यातले प्रत्येक वर्ष पुढे कुठे ना कुठे उपयोगी पडले.

२८ मे १९२५ रोजी केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट येथे माता-बालकांसाठीच्या समितीची स्थापना झाली. १९२८ मध्ये तिचे नाव फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस असे झाले. मेरी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. सुरुवातीचा बराचसा खर्च त्यांनी स्वतःच्या पैशातून केला. कामासाठी निवडलेल्या लेस्ली काउंटीत रेल्वे नव्हती, मोटार जाईल असा रस्ता नव्हता. अनेक ठिकाणी ओढ्याचे पात्र हाच रस्ता होता. सेवा सुरू करण्याआधी घरोघर जाऊन जन्म-मृत्यूंची पाहणी करण्यात आली, कारण आधीची स्थिती नोंदवली नसेल तर पुढे काय सुधारले हे सिद्ध करता येणार नाही, याची मेरी यांना पुरती जाणीव होती.

हायडन या गावी पहिले केंद्र निघाले. वेंडोव्हर येथे ओंडक्यांचे मोठे घर बांधले गेले, तेच मेरी यांचे निवासस्थान आणि तेच मुख्यालय. १९२८ मध्ये हायडनला छोटे रुग्णालय उभे राहिले. भोवताली नदी-ओढ्यांच्या खोऱ्यांत एकामागून एक सहा उपकेंद्रे उघडली. घोड्यावरून वेळेत पोहोचता येईल एवढ्या अंतरातली कुटुंबे त्या त्या उपकेंद्राकडे. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा आराखडा ओळखीचा वाटेल. खोगिराला दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या पिशव्यांत औषधे आणि बाळंतपणाचे साहित्य घेऊन परिचारिका निघत. पूर असो, बर्फ असो, नवरा निरोप घेऊन केंद्रापर्यंत पोहोचला की परिचारिकेने त्या घरी पोहोचायचेच, हा दंडक होता. बाळंतपणाचे शुल्क पाच डॉलर. रोकड नसेल तर सरपण, चारा, अंडी किंवा अंगमेहनत चाले. फुकट सेवा देणे मेरी यांनी हेतुपुरस्सर टाळले. डोंगरातली माणसे गरीब होती, पण मिंधी नव्हती.

बाळंतपणाबरोबरच विषमज्वर, घटसर्प आणि देवीच्या लसी, अंकुशकृमीवरचे उपचार, जखमा, भाजणे, न्यूमोनिया अशी सगळीच कामे परिचारिकांवर येऊन पडत. इथेच खरा पेच होता. डॉक्टर काही तासांच्या, कधी काही दिवसांच्या अंतरावर. अशा वेळी परिचारिकेने औषध द्यायचे की नाही? दिले तर कायद्याने ती दोषी, न दिले तर रुग्ण दगावण्याची भीती. मेरी यांनी यावर काढलेला मार्ग त्यांच्या साऱ्या कार्यात सर्वात दूरगामी ठरावा असा आहे. लेक्सिंग्टनमधील डॉक्टरांची सल्लागार समिती नेमून त्यांनी तिच्याकडून लेखी स्थायी सूचनांची पुस्तिका तयार करून घेतली. कोणत्या लक्षणांत परिचारिकेने स्वतः काय करावे, कोणते औषध द्यावे, कोणत्या क्षणी डॉक्टरला बोलवावे, हे त्यात नमूद होते. अधिकार मर्यादित, पण लिखित. आज अमेरिकेतील अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरबरोबर लेखी करार करावा लागतो आणि काही राज्यांत त्याची गरज राहिलेली नाही. या सगळ्या वादाचे बीज त्या पुस्तिकेत सापडते. घोड्यावरच्या परिचारिकांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, ही पुस्तिका फारशी कुणाला ठाऊक नाही.

काम चालते आहे हे आकड्यांनीही दाखवून दिले. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी १९३२ मध्ये सेवेच्या पहिल्या एक हजार बाळंतपणांचा अभ्यास केला. गर्भारपण किंवा बाळंतपण हे थेट कारण असलेला एकही मातामृत्यू त्यांत नव्हता. त्या सुमारास अमेरिकेत सरासरी दर हजार जन्मांमागे सहा-सात माता दगावत होत्या. रस्ते नसलेल्या, दारिद्र्याने पिचलेल्या डोंगरात, बहुतेक बाळंतपणे रुग्णांच्या घरीच करून हा निकाल आला होता.

पुढचा काळ कठीण गेला. १९२९ नंतरच्या मंदीत देणग्या आटल्या आणि कर्मचाऱ्यांच्या पगारात मोठी कपात करावी लागली. १९३१ मध्ये घोड्यावरून पडून मेरी यांच्या पाठीचा कणा मोडला. त्यानंतर दीर्घकाळ त्यांना पोलादी पट्टा वापरावा लागला. तरीही शहराशहरांतून भाषणे देत निधी गोळा करणे थांबले नाही. श्रीमंत घरांतल्या तरुणी निरोप्या म्हणून डोंगरात येत, घोड्यांची निगा राखत आणि परत जाऊन आपल्या वर्तुळात सेवेचा प्रचार करत. घराण्याच्या नावाचा असा चोख वापर मेरी यांना चांगलाच जमला.

याच निधीसंकलनात त्यांची एक काळी बाजूही दिसते. डोंगरातील गोरे लोक म्हणजे जुन्या इंग्रजी वंशाचे अस्सल अमेरिकी, ते वाचले पाहिजेत, असा वंशाभिमानाला हात घालणारा सूर त्या देणगीदारांपुढे लावत. वर्णभेदाबाबत त्यांचे विचार आपल्या वर्गाच्या आणि दक्षिणेच्या परंपरेतलेच राहिले. त्यांच्या हयातीतली ही सेवा गोऱ्या परिचारिकांची होती. दक्षिणेतील खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे करणाऱ्या कृष्णवर्णीय सुईणींकडे पाहण्याची इच्छा त्यांना झाली नाही. काळाचा दोष म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण इतर बाबतीत त्या आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे होत्या.

सेवेतील परिचारिकांपैकी पुष्कळ जणी ब्रिटिश होत्या आणि अमेरिकी परिचारिकांना प्रसूतिसेवेच्या शिक्षणासाठी ब्रिटनला पाठवले जाई. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. अनेक ब्रिटिश परिचारिका मायदेशी परतल्या आणि अटलांटिक ओलांडून शिकायला जाणे अशक्य झाले. सेवा बंद पडण्याचीच वेळ आली होती. मेरी यांनी त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हायडनमध्ये स्वतःचे प्रसाविका विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत दोन विद्यार्थिनी होत्या. सोळा वर्षांपूर्वी ज्या शिक्षणासाठी समुद्र ओलांडावा लागला होता, ते आता केंटकीच्या डोंगरात मिळू लागले.

मेरी अखेरपर्यंत वेंडोव्हरलाच राहिल्या आणि १६ मे १९६५ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा देशातील पहिला अभ्यासक्रम सुरू केला. मेरी यांच्या परिचारिका चाळीस वर्षे जे करत होत्या, त्याला आता नाव मिळाले होते. १९७० मध्ये हायडनच्या विद्यालयानेही कुटुंब नर्स प्रॅक्टिशनर घडवायला सुरुवात केली. १९८९ पासून तिथे दूरशिक्षणाने प्रसाविका होता येऊ लागले. पुढे त्या विद्यालयाचे विद्यापीठ झाले आणि मुख्य परिसर केंटकीतीलच व्हर्सेल्स गावी हलला. तिथले बहुतेक विद्यार्थी आधीच परवानाधारक परिचारिका असतात. ते आपल्या गावी राहून अभ्यास करतात, ठरावीक काळासाठी केंटकीला येतात आणि रुग्णसेवेचे प्रत्यक्ष शिक्षण पुन्हा आपल्याच वस्तीतील दवाखान्यांत पूर्ण करतात.